निनादपूरच्या तीन पिढ्या

नाचणगाव,
४ ऑगस्ट २०२४

चि. काजल हिला अनेक आशीर्वाद.

खडळ खडळ, खुळुक. पितळी डब्यातल्या खारका अशा वाजतात. फुटाण्यांचा आवाज बारीक, पत्र्यावर पाऊस यावा तसा. बत्ताशांचा आवाज नसतोच, नुसती कुजबुज. हे मी पहिल्यांदा ऐकलं ते लग्नाच्या वर्षी, भुलाबाईच्या दिवसांत. मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास होऊन ओसरीच्या अंधारात भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. अंगणात बायकांची गाणी संपली, टिपऱ्या थांबल्या, आणि तुझ्या आजीनं रिवाजाप्रमाणे खाऊचा झाकलेला डबा हलवला. बायका एकेक ओळखायला लागल्या. शेंगदाणे, मुरमुरे, रेवड्या. ती 'नाई, नाई' म्हणत होती. मी भिंतीकडे बघतच म्हणालो, "खारका." अंगण गप्प झालं. मग तुझी आजी म्हणाली, "बराबर." आणि आतून वाटीत चार खारका आणून माझ्यापुढे ठेवल्या.

तुला हे पाठ आहे. पण पाठ असलेली कवितासुद्धा आपण पुन्हा म्हणतोच ना? त्या दिवसापासून दर वर्षी मी ओसरीवरून खाऊ ओळखत आलो आणि चुकलो नाही. परीक्षेत नापास झालेल्या माणसाला गावानं 'कानाचा राजा' म्हटलं. त्याच कानातून पुढे नादसेन राजा निघाला, निनादपूर निघालं, आणि दर पिढीत एकदा बंद डबी घेऊन येणारा घुमाट्या राक्षस निघाला. डबीत काय आहे ते न उघडता सांगा, चुकलात तर तुमच्या राज्यातला एक आवाज मी कायमचा घेऊन जाईन. हे मी म्हटलं की तू गोधडी नाकापर्यंत ओढायचीस आणि विचारायचीस, "कोकिळेचा पण?"

पुण्याचे प्रकाशक याचे तीन भाग काढताहेत हे तुझ्या पत्रात वाचलं आणि भेंडीला पाणी द्यायचं विसरलो. तुझे प्रकाशक म्हणतात की तीन पिढ्यांत सगळ्यांत हुशार कोण, हे तिसऱ्या भागाच्या शेवटी ठरायला हवं. तू माझं मत मागितलंस. मत कसलं, निकालच घे. पहिला नादसेन. त्यानं नुसत्या कानावर राज्य वाचवलं. राणी मंजुळा शेजारी बसून वारा घालत होती, तिचंही पुण्य थोडं धर. दुसरी तुझी झुळूक, राजाची नात. तिनं घुमाट्याशीच गप्पा मारून त्याच्या तोंडून उत्तर काढलं. ही हुशारी खरी, पण ती जिभेची. जीभ कोणालाही असते. कान एखाद्यालाच.

आणि मधला तोलाजी? त्याला यादीत धरूच नको. गळ्यात तराजू अडकवून दारांना धडकत फिरणारा राजपुत्र तो. डबी तोलत बसला आणि उत्तर चुकलं, देवळातली घंटा गेली ती गेलीच. आठवतं, 'धाड' म्हटलं की तू बाजेवरून पडेपर्यंत हसायचीस?

पहिला भाग हाती आला की ओसरीवर मोठ्यानं वाचून घेणार आहे. शेजारच्या सुमित्राबाईंची नात शालू वाचेल. तिचा आवाज खणखणीत आहे, चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणायला हवा तसा.

तुझा,
आबाजी


पुणे,
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय आबाजी,
नमस्कार.

पहिले दोन्ही भाग एकदमच छापून आले. आज पार्सल केलं आहे. मुखपृष्ठावर तुमचं नाव आधी आणि माझं नंतर आहे, ते बघा. 'मूळ गोष्ट: लक्ष्मणराव' असं. तुम्हाला आडनाव नको होतं म्हणून नाही टाकलं. एक संच बाबांना जामला पाठवला.

एक विनंती आहे. शालूकडून वाचून घेण्याआधी एकदा तुम्ही एकटे वाचा. पहिल्या भागातल्या सातव्या अध्यायात मी थोडा बदल केला आहे. थोडा म्हणजे… तुम्ही वाचाच. आणि पूर्ण पुस्तक वाचून झाल्याशिवाय मला पत्र लिहू नका. फोन केलात तरी चालेल, पण तुम्ही करणार नाही हे माहीत आहे. "फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं."

दुसरा भाग, तोलाजीचा, अगदी तुम्ही सांगायचात तसा ठेवला आहे. मुलांना तो फार आवडतोय म्हणे. इथल्या एका शाळेत वाचला, तर पोरं गळ्यात पट्ट्या अडकवून दारांना धडकत होती.

तिसरा भाग दिवाळीपर्यंत द्यायचा आहे. शेवट अजून सुचलेला नाही. दिवाळीला तुमच्याकडे येते, अंगणात बसून पुरा करू.

तुमची,
काजल


नाचणगाव,
१० सप्टेंबर २०२४

चि. सौ. न झालेल्या, परंतु लेखिका झालेल्या काजल हीस,

पुस्तकं मिळाली. कागद चांगला आहे. चित्रंही बरी आहेत. घुमाट्याला मिशा नव्हत्या, पण असो.

तुझी विनंती मी पाळली नाही. पार्सल फोडलं त्याच संध्याकाळी शालूला बसवलं. सुमित्राबाई होत्या, त्यांच्या सुना होत्या, वरच्या आळीतल्या दोघी-तिघी होत्या, माझा बाजारातला सोबती खुशाल पुलगावहून परतताना सायकल टेकवून थांबला होता. सहा अध्याय होईस्तोवर मी जमिनीपासून वीतभर वर होतो. मग सातवा आला.

घुमाट्या डबी हलवतो. नादसेन राजा डोळे मिटतो, दाढी कुरवाळतो आणि म्हणतो, "मोती." आणि तुझ्या पुस्तकात काय लिहिलं आहे? डबीत मोती नव्हतेच. डबीत हरभरे होते. राणी मंजुळा घुमाट्याला पान-सुपारीत गुंतवते, पदराखालून डबी आत नेते, हरभरे काढते, आपल्या गळ्यातले मोती त्यात टाकते आणि परत आणून ठेवते. राजाला पत्ता नाही. राजा आयुष्यभर मिशीला पीळ देत फिरतो, आणि राज्य चालवते ती वारा घालणारी बाई.

शालू वाचत होती आणि वाक्य पुरं व्हायच्या आधीच सुमित्राबाई हसल्या. विनोद यायच्या आधीच, काजल. मग वरच्या आळीच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. खुशाल म्हणाला, "लक्ष्मणराव, तुमचा राजा तं बैलच निघाला." मी शालूला पुस्तक मिटायला सांगितलं.

ज्या माणसानं तुला ही गोष्ट दिली, त्यालाच तू तिच्यात गाढव करून बसवलंस. परका लेखक असता तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला कान नाही. पण तू माझ्या उशाशी वाढलीस. मी थांबलो की पुढचा शब्द तू म्हणायचीस. मी कविता म्हणायला लागलो की टाळी तुझी पडायची, आणि बरोबर जागेवर पडायची. मला वाटायचं, आपल्यानंतर कोणीतरी आहे.

दोन गोष्टी कर. पुढच्या आवृत्तीत सातवा अध्याय पहिल्यासारखा कर. जमत नसेल तर मुखपृष्ठावरचं माझं नाव काढ. यातलं एकही होणार नसेल तर दिवाळीला यायचे कष्ट घेऊ नको. अंगण सारवायला माणूस मिळत नाही, तुला बसायला गैरसोय होईल.

लक्ष्मणराव


पुणे,
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय आबाजी,

तुमच्या सहीत 'आबाजी' नव्हतं. ते तीनदा वाचलं.

मी हे कधीच सांगणार नव्हते. पण तुम्हाला वाटतंय की मी ते मनानं रचलं, तुमची टिंगल म्हणून. तसं नाही. सातवा अध्याय माझा नाही, आजीचा आहे.

तुम्ही रात्री अंगणात गोष्ट सांगायचात. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही माळवं घेऊन पुलगावच्या बाजाराला गेलात की आजी मेथी निवडायला बसायची आणि म्हणायची, "काय सांगतलं मंग रात्री राजानं?" मी सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आता राणीनं काय केलं ते आयक." रात्रीची गोष्ट तुमची असायची, दुपारची तिची. तुमच्या गोष्टीत जिथं जिथं नादसेन जिंकला, तिथं तिथं तिच्या गोष्टीत मंजुळा मागच्या दारानं काहीतरी करून आलेली असायची. मी आठ-नऊ वर्षांची होते, मला दोन्ही खऱ्या वाटायच्या.

मोठी झाल्यावर विचारलं, "आजी, खरंच का गं? खाऊचं?" ती आजारी होती तेव्हाची गोष्ट. ती हसली. म्हणाली, "त्याईले खारका आवडे, मी खारका देल्या. डब्यात काय होतं ते कोणाले आठवते." मग म्हणाली, "सांगू नको त्याईले."

सांगितलं नाही. पण लिहायला बसले तेव्हा पानच पुढे जाईना. तुमच्या गोष्टीत राणी नुसती वारा घालते. अख्ख्या तीन पिढ्यांच्या गोष्टीत आजीला एक वाक्य नाही, आबाजी. मी तुम्हाला विचारलं होतं, तीन पिढ्यांत हुशार कोण. मला वाटलं, जी यादीतच नाही ती.

तुमचं नाव काढणार नाही. अध्याय बदलणार नाही. पण तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, निदान एकट्यानं वाचायला लावायला हवं होतं. विनंती करून गप्प बसले, हे चुकलं.

दिवाळीला येऊ ना?

काजल


नाचणगाव,
९ ऑक्टोबर २०२४

काजल,

तुझं पत्र आलं आणि मी चार दिवस घराबाहेर पडलो नाही. मग सुमित्राबाईंकडे गेलो. त्या शेळीला पाला घालत होत्या. सध्या भुलाबाईचेच दिवस आहेत, त्यांच्या अंगणात मखर मांडलेला होता. मी सरळ विचारलं. बोलणं झालं तसं लिहितो, माझं एक अक्षर घालत नाही.

"सुमित्राबाई, पहिल्या वर्षी डब्यात काय होतं?"

"कोणत्या डब्यात?"

"माहीत नसल्यासारखं करू नका. शालू वाचत होती तेव्हा तुम्ही आधीच हसल्या."

त्यांनी पाला खाली ठेवला. "भाऊजी, आता काऊन उकरून राह्यले? तुमची आनंदाबाई गेली, तिले तीन वर्षं झाली."

"खारका होत्या का?"

"मुरमुरे होते," त्या म्हणाल्या. "घरात बाकी होतंच काय तवा? तुम्ही म्हटलं खारका. आम्ही हसणार, तं आनंदाबाईनं डोये वटारले. अशी पाह्यली आमच्याकडं, का कोणाची हिंमत नाई झाली. मंग घरात गेली, बाळंतिणीसाठी ठेवलेल्या खारका होत्या तुमच्या आईच्या फडताळात, त्यातल्या आणल्या. तुमच्या वाटीत खारका, आमच्या हातावर मुरमुरे. अंधारच तं होता ओसरीवर."

"एकदाच ना?"

त्यांनी पाला पुन्हा उचलून शेळीपुढे धरला.

"सुमित्राबाई."

"फुटाणे तुम्ही खरंच ओळखत होते," त्या म्हणाल्या. "फुटाण्याले कधी खोटं नाई बोललो आम्ही."

मी उठलो. त्या मागून म्हणाल्या, "एका साली तुम्ही खोबरं म्हटलं. खोबरं नव्हतं घरात. मले मागच्या दारानं पिटाळलं तिनं दुकानात, पावसाचं. तुम्ही ओसरीवर कविता म्हणून राह्यले होते तवर. बरं झालं लांब कविता होती." आणि हसल्या. वाईट नाही हसल्या. पण हसल्या.

तू म्हणशील, यात प्रेम आहे. वाचणारेही म्हणतील. सुमित्राबाईंनीही तेच सुचवलं, "तुमाले बरं वाटावं म्हून." ज्याला बरं वाटवायचं होतं त्याला कोणी विचारलं का? मी परीक्षेत नापास झालो ते मला पचलं होतं. मास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं, निकाल भिंतीवर लागला होता, गावानं वाचला होता. ते नापास होणं माझं होतं. हे पास होणं कोणाचं? अख्ख्या आळीतल्या बायका दर वर्षी माझ्यासमोर बसून मला पास करत होत्या, आणि मी वाटीतल्या खारका चघळत त्यांना आवाजांतले फरक समजावून सांगत होतो. बत्ताशांची कुजबुज. बघ माझं पहिलं पत्र. यंदासुद्धा मी तेच लिहिलं.

आज एका माणसाशी भांडायचं आहे आणि तो माणूस नाही. भांडण मनात मांडतो, तर माझ्या बाजूचं सगळं बोलून होतं आणि समोरून ती नुसती मेथी निवडते. संसारभर एका ओसरीवर बसलो. एकदाही म्हणाली नाही की अहो, मुरमुरे होते.

आणि तू. तिनं तुला सांगू नको म्हटलं होतं. तू सांगितलंस, तेही छापून. म्हणजे तिचाही शब्द मोडलास आणि माझीही लाज काढलीस. एका अध्यायात दोन माणसं. हुशार कोण म्हणून विचारत होतीस ना? घे, तूच.

दिवाळीचं मी आधी लिहिलं तेच कायम आहे.

लक्ष्मणराव


जाम,
२० ऑक्टोबर २०२४

आबाजी,

हे पत्र पुण्याहून नाही, बाबांच्या ट्रक तोलायच्या धरमकाट्यावरून लिहिते आहे. बाहेर संत्र्यांचा ट्रक चढतो आहे, टेबल हलतं आहे, अक्षर खराब आलं तर समजून घ्या.

तुम्ही नाचणगावला येऊ नको म्हणालात, म्हणून सुट्टी घेऊन आईबाबांकडे आले. तुमच्याबद्दल तक्रार करायला आले होते, खरं सांगते. आई दारातच म्हणाली, "तुह्या बाबाले काय झालं पाय जरा. पंधरा दिवस झाले, जेवताना बोलूनच नाई राह्यले."

काट्यावर गेले. बाबा खुर्चीत, खिडकीतून ट्रकवाल्यांना पावत्या देत होते. मशीनशेजारी पुस्तकाचे दोन्ही भाग होते. आबाजी, बाबांनी माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाशिवाय काही वाचलेलं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या भागाच्या पानांना काळी बोटं लागली होती. मला वाटलं, कौतुक करतील. मी हसत विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं हाय. चित्रं चांगले हायेत."

मग एक ट्रक गेला. दुसरा आला. मध्येच म्हणाले, "एक विचारू का तुले?"

"विचारा ना."

"हा तोलाजी दाराले धडकते. हे कोणाच्या डोक्यातलं? तुह्या का आबाजीच्या?"

"आबाजींच्या. मी तसंच ठेवलं."

"हं." पावती फाडून ड्रायव्हरला दिली. "अन् तू लय हसे."

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत, तुम्ही तर झोपलेले असायचात.

"बाजूच्याच बाजेवर होतो," बाबा म्हणाले. "दिवसभर बाजारात तराजू धरून बसलेला माणूस, डोयावर हात ठेवून पडे. झोपे कुठं. तुम्ही 'धाड' म्हणून हसले का मी कूस बदलो. तवा वाटे, आता थांबतीन. तुम्हाले वाटे, मी झोपेत कूस बदलली."

मग त्यांनीच पुढे विचारलं, "आता पुण्याचे पोट्टे बी धडकतात म्हणते तुही आई. खरं काय?"

मीच आईला फोनवर सांगितलं होतं. हसत.

आबाजी, लहानपणी आम्ही सगळे नाचणगावातच असायचो. बाबांनी मग जामला काटा घेतला, आणि ते गावी यायचे थांबले. मी समजायचे, धंदा. तुम्हीही समजायचात, धंदा. सणाला आई आणि मी यायचो, बाबांचा डबा भरून न्यायचो. तुम्ही कधी विचारलं नाही की गोपाल का येत नाही. मीही नाही.

आजीसाठी मी अख्खा अध्याय फिरवला आणि मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. बाबांसाठी एक ओळ बदलायचं सुचलं नाही. ते त्या गोष्टीत आहेत, हेच मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का? एवढंच सांगा. तोलाजी तुम्ही त्यांच्यावरून केला होता का?

तिसरा भाग मी थांबवला आहे. प्रकाशकांचे रोज फोन येतात. तिसऱ्या पिढीची हुशारी लिहायला बसले की दुसरी शेजारच्या बाजेवर जागी असते.

काजल


नाचणगाव,
२८ ऑक्टोबर २०२४

चि. काजल,

तुझं जामहून आलेलं पत्र मिळालं. अक्षर खरंच खराब आहे.

विषय माझ्या फसवणुकीचा चालला होता. तू मध्येच गोपालला आणून उभा केलास. वकील लोक असं करतात. मी विचारतो, माझ्या घरात इतकी वर्षं माझ्यामागे जे चाललं त्याचं काय? तू उत्तर देतेस, बाबा कूस बदलत होते. हे उत्तर झालं का?

तरी तू विचारलंस म्हणून लिहितो. तोलाजी म्हणजे तोलाजी. गोपालला लहानपणापासून तराजूचं वेड होतं, हे खरं. दगड तोलायचा, मांजराचं पिल्लू तोलायचा. एकदा माझं कवितेचं पुस्तक एका पारड्यात आणि वांगी दुसऱ्या पारड्यात घालून म्हणाला, "बाबा, वांगे भारी हायेत." मी हे चारचौघांत सांगायचो, लोक हसायचे, तोही उभा असायचा. तेवढंच मी गोष्टीत घेतलं. गोष्टीला माणूस कुठून तरी घ्यावाच लागतो. हवेतून कोणी माणूस करत नाही. आणि घेतला म्हणजे तो थोडा वाकवावा लागतो, त्याशिवाय पोरं हसत नाहीत. त्याला वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याला गोष्टींची आवडच नव्हती. दमून यायचा आणि आडवा व्हायचा. वाईट वाटत होतं तर त्यानं तोंडानं सांगायचं होतं. डोळ्यांवर हात ठेवून पडलेल्या माणसाचं मन मी कसं ओळखणार?

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडत नाही, असू दे.

तुझ्या आजीचं मात्र मी विसरलेलो नाही. काल दिवाळीची साफसफाई म्हणून फडताळ काढलं. काही सापडेल असं वाटलं होतं. काही नव्हतं, झुरळं होती. एखादं माणूस गेल्यावर त्याच्याशी हिशेब चुकता करायची सोय कुठे नाही. चौथीत आम्हाला आईवरची एक कविता होती, तिच्यात सगळे हुंदके होते. फसवल्यावर काय करायचं, याची कविता कोणत्याच इयत्तेला नव्हती. माझ्यासारख्यांची पंचाईत होते ती इथे. जे पुस्तकात नव्हतं ते आम्हाला येत नाही.

निकाल मागत होतीस. मी नादसेनला पहिला नंबर दिला होता, तो परत घेतो. मंजुळेला देणार नाही, ते माझ्यानं होणार नाही, निदान या वर्षी तरी. झुळुकेला दे हवा तर. तोलाजीला

फाटक वाजलं. पोस्टमन असेल, पत्र आत्ताच पाकिटात घालून देतो असं वाटलं. पोस्टमन नाही.

गोपाल आहे.

मोटारसायकल फाटकाबाहेर लावून अंगणातून आला. कपड्यांवर रस्त्याची धूळ आहे. केस पांढरे झालेत त्याचे, काजल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळीचे दिवस, काट्यावर रांग असेल. काट्यावर कोणाला बसवून आला, हे विचारायचं होतं, विचारलं नाही. "ये," म्हणालो. त्यानं चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, हेल्मेट पोटाशी धरून.

मग म्हणाला, "बाबा, तोलाजीची गोष्ट मले एकदा सांगा. पुरी. मी बसतो समोर."

मी लिहितोच आहे. पेन खाली ठेवला तर मान वर करावी लागेल.